टोपणभर पाणी परत

जी वस्तू थुंकायचीच आहे, ती कंपनीवाले गोड कशाला करतात?

हा प्रश्न मी मेडिकलवाल्याला विचारला. तो म्हणाला, "तमारे लेवी छे के नथी लेवी?" घ्यायची की नाही, एवढंच त्याचं. दाताच्या डॉक्टरबेनना विचारला. त्या हसल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ताईला विचारला तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं. आता विचारायला कुणी राहिलं नाही.

लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मशीनखाली रुईचा भुगा साठतो. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढाच. आमच्या खोलीत किस्से तसे साठतात. खोली सुरतेच्या डिंडोलीत आहे, पहिल्या मजल्यावर. माझी ताई तिथं कामावर जाणाऱ्या आयांची पोरं सांभाळायची. सुरतेत ह्याला घोडियाघर म्हणतात. बारकी पोरं दिवसभर, मोठी शाळा सुटल्यावर. मी लूमवर रात्रपाळी करतो आणि दिवसा त्याच खोलीच्या माळ्यावर झोपतो. म्हणजे झोपायचा प्रयत्न करतो. खाली वीस-पंचवीस पोरं असताना झोपून दाखवा!

पोरं तिला ताई म्हणायची आणि मला मामा. हे नातं कसं लागतं ते कुणी बघितलं नाही. आईबाप लवकर गेले, ताईचं सासर टिकलं नाही, मी पाचवीत शाळा सोडली, आणि मग ही खोली. एवढंच आमचं घर.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ताईला डेंग्यू झाला आणि ती गेली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल, ताई हल्ली काय करते. आता किस्से ऐका. मी थांबलो की मला दाराजवळच्या तिच्या चपला दिसतात, म्हणून भरभर सांगतो.

* * *

सुरुवात डॉक्टरबेनपासून झाली. त्यांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाला आहे. एक दिवस त्या आपणहून आल्या आणि बॅटरी घेऊन एकेकाच्या तोंडात बघायला लागल्या. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. कुणाच्या हिरड्या सुजलेल्या, कुणाच्या लाल, कुणाला ब्रश लावला की रक्त.

"घरी ब्रश करता ना?" त्यांनी विचारलं.

"हो," सगळे एका आवाजात.

"किती ब्रश आहेत घरी?"

"एक," सगळे पुन्हा एका आवाजात.

चार भावंडांत एक ब्रश, तोही बापाचा!

ताईनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नवे ब्रश आणले. पण सगळे एकसारखे निघाले. नावं लिहून उपयोग नव्हता, वाचणार कोण? मग मी खात्यातून रंगीत सुताच्या गुंड्या आणल्या. ताईनं प्रत्येकाच्या ब्रशला वेगळा रंग बांधला. पिंकीला पिवळा, सोनूला निळा, गण्याला हिरवा. आम्हा दोघांचा जीव अभिमानानं फुगला.

चार दिवसांनी लक्षात आलं की पिंकीला पिवळा रंग आवडत नाही. तिनं रोज सगळ्यांचे दोरे सोडायचे, गुलाबी आपल्या ब्रशला बांधायचा आणि बाकीचे मनाला येतील तसे वाटायचे. खोलीभर सगळ्यांनी सगळ्यांच्या ब्रशनं दात घासले होते.

ताई डोक्याला हात लावून बसली. पिंकी तिच्या मांडीवर चढून म्हणाली, "ताई, तुला कुठला रंग पाहिजे?"

* * *

ज्यांच्या हिरड्या जास्त सुजल्या होत्या, त्यांच्यासाठी डॉक्टरबेननी बाटली लिहून दिली. जंतू मारणारं गुळण्यांचं औषध. पोरांचं होतं म्हणून गुलाबी आणि गोड. त्यांनी ताईला नीट बजावलं. सहा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. ब्रशच्या बदल्यात द्यायचं नाही, ब्रश करून थोड्या वेळानं द्यायचं. सांगितलंय तेवढेच दिवस, जास्त दिलं तर दातांवर डाग पडतात. आणि गिळायचं नाही. "गिळणाऱ्या मुलाला हे देऊच नका," त्या म्हणाल्या.

आता कोण गिळतो आणि कोण थुंकतो, हे कसं ओळखायचं?

ताईनं डोकं लढवलं. बाटलीचं टोपण घेतलं. टोपणभर साधं पाणी पोराच्या तोंडात. तोंडात खेळवायचं, गालात इकडून तिकडे न्यायचं आणि परत त्याच टोपणात थुंकायचं. टोपण भरलं तर पास, मगच औषध. कमी भरलं तर नापास, उद्या पुन्हा.

पहिला नंबर सोनूचा. त्यानं थुंकलं. टोपण भरलं आणि वरून ओघळून ताईच्या मनगटापर्यंत गेलं.

"ताई, जास्त आलं," सोनू घाबरून म्हणाला.

"लाळ आहे रे. तू पहिल्या नंबरानं पास."

मग गण्या आला. गण्या सात वर्षांचा, अमळनेरकडच्या गावातून नुकताच आलेला. तोवर तो आजीजवळ वाढला होता. त्याचा बाप सुरेश माझ्याच खात्यात, माझ्या शेजारच्या मशीनवर. खोलीत सगळ्यात वाईट हिरड्या गण्याच्या. भाकरी चावली तरी भाकरीला लाल लागायचं. डॉक्टरबेननी त्याचे दात साफ करून दिले होते आणि सांगितलं होतं की औषध सगळ्यात आधी ह्याला लागणार.

गण्यानं पाणी तोंडात घेतलं. गाल फुगवले, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. इतकं सुंदर की ताई म्हणाली, "बघा रे, असं करायचं!"

मग त्यानं टोपणात तोंड घातलं आणि वर काढलं. टोपण कोरडं.

"पाणी कुठं गेलं?"

गण्यानं पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "अजून दे."

* * *

गण्याच्या आजीला सगळे मोठी माय म्हणतात. नातवाबरोबर तीही सुरतेला आली. ती रोज मिश्री लावते, आणि आपल्या बोटावरची थोडी गण्याच्या हिरड्यांवरही चोळायची. सूज उतरते म्हणे. ताईला कळलं तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार. मी माळ्यावरून पाय खाली सोडून तयारीत बसलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पण ताई भांडली नाही. तिनं मोठ्या मायला चहा दिला आणि विचारलं, "मोठी माय, तुझे दात किती राहिले गं?"

"दख ना," म्हणत मोठ्या मायनं तोंड उघडलं. पोरांनी मोठ्यानं मोजले. मोजायला फार वेळ लागला नाही.

"मिश्री किती वर्षं लावतेस?"

"लगीन झायं तैपासून."

मोठी माय पोरांकडे बघत राहिली, पोरं तिच्या तोंडाकडे. शेवटी तिनं मिश्रीची डबी कमरेला खोचली आणि म्हणाली, "बरं बाई, गण्याले नही लावाव. मले लावू दे. मना काय, दोन-तीन दात शेतस, त्या जातीन तधय जातीन."

गण्याची मिश्री त्या दिवशी सुटली. गिळणं मात्र सुटलं नाही. ताईनं त्याला आरशासमोर उभं केलं, बेसिनवर वाकवलं, नाक धरलं. तो मन लावून गुळणी करायचा आणि शेवटी घटकन आवाज यायचा. ताई म्हणायची, "दिन्या, हा पोरगा माझ्या खोलीतून अशा हिरड्या घेऊन बाहेर पडला ना, तर मी नाव बदलेन." ती हे इतक्या वेळा म्हणाली की पोरं तिच्यासाठी नवीन नावं शोधायला लागली. पिंकीनं "करीना" सुचवलं.

* * *

सुरेशचा किस्सा सांगायलाच पाहिजे. गुजरातेत दारूबंदी, आणि आमची माणसं लग्नाला महाराष्ट्रात नवापूरला गेली की तिथं ती बंदी नसते. सुरेश मित्राच्या लग्नाहून सकाळच्या गाडीनं परत आला तो थेट आमच्या खोलीत. बायको घरी, तोंडाला वास. माझ्या आधी त्याची नजर फळीवरच्या गुलाबी बाटलीवर गेली.

"ह्यानं वास जातो ना?"

"पोरांचं औषध आहे, सुरेशभाऊ."

"मी कुणाचा पोरगा नाही का?"

टोपणबिपण काही नाही, अर्धी बाटली तोंडाला लावून त्यानं गुळण्या केल्या. मग थांबून मला हळूच विचारलं, "ह्याच्यात थोडी असते का?"

"नाही. पोरांची आहे."

"मग कसली गोळी घालून मारतात जंतू?"

घरी गेला. बायकोनं दारातच वास घेतला. बबलगमचा घमघमाट! ती म्हणाली, "पिऊन आलास ते समजलं. पण पोरांचं औषधसुद्धा पिऊन आलास?"

संध्याकाळी तिनं नवी बाटली आणून दिली. ताईनं टोपणभर पाणी घेऊन सुरेशची परीक्षा घेतली, सगळ्या पोरांसमोर. सुरेश पास झाला. गण्या बापाकडे बघत राहिला, जणू बापानं घरातली तांब्या-पितळेची भांडी बाहेर फेकली होती.

* * *

आता हा किस्सा. हा मी खात्यात रोज कुणाला तरी सांगतो.

खात्यात लूम चालू असताना कानाजवळ ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही हातानं बोलतो. मूठ हवेत गोल फिरवली की मशीन चालू कर. हात गळ्यावरून आडवा नेला की बंद कर. दोन बोटं ओठाला लावली की चहा. दोन बोटं खांद्यावर ठेवली की शेठ आला, सांभाळ. घरी आलं तरी हात तसेच चालतात, सवयच ती. त्यामुळे आमच्या पोरांना ह्या खुणा अक्षरांच्या आधी येतात.

तर गुळणीच्या वेळी पोरांचं तोंड भरलेलं. बोलता येत नाही. पण गप्प बसतील ती आमची पोरं कसली? पहिल्याच दिवशी पिंकीनं मूठ फिरवली, सोनूनं गळ्यावर हात ओढला. मग रोज तेच. गाल फुगलेले, आवाज नाही आणि हातांची नुसती धांदल! ताई पाठमोरी असली की चहा, ताई वळली की सगळ्यांची दोन बोटं खांद्यावर. शेठ आला!

एक दिवस डॉक्टरबेन एका पाहुण्या बाईंना घेऊन आल्या. आपण इथं किती काम करतो ते दाखवायला. दार उघडलं तर आत सगळी पोरं रांगेत, डोळे मोठे केलेले, हात भराभर चाललेले आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डॉक्टरबेनच्या कानात म्हणाल्या, "आ बधां मूंगां छे?"

मुकी आहेत का सगळी! माळ्यावर मी उशी तोंडात कोंबली.

ताईनं घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बेन, जरा थांबा. आत्ता बोलतील."

सगळे एकदम थुंकले. आणि मग जो कालवा झाला, त्यात पाहुण्या बाई दोन पावलं मागं सरकल्या ते थेट जिन्यात.

* * *

ताईच्या दहाव्याला आम्ही तापीच्या घाटावर गेलो. मी, गावाहून आलेले आमचे काका, सुरेश आणि खात्यातली चार माणसं. पिंड ठेवला. कावळा समोरच्या कठड्यावर बसलेला, पण येईना.

काका हात जोडून म्हणाले, "दिन्याचं लग्न मी लावून देईन, काळजी करू नको." कावळ्यानं तोंड फिरवलं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, ताईला माहीत आहे मला कोण मुलगी देणार.

सुरेश म्हणाला, "ताई, आजपासून गुटखा बंद." कावळा नाही.

शेजारी दुसरं एक घराणं आपल्या आजोबांचा पिंड ठेवून बसलं होतं. तेही कावळ्याकडे बघत होते. ऊन चढत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता तू बोल म्हणून. मी जोरात ओरडलो, "ताई, गण्याला थुंकायला शिकवतो!"

सगळा घाट वळून बघायला लागला. कावळा उडाला! सरळ आमच्या दिशेनं आला, आमच्या डोक्यावरून गेला आणि शेजारच्या आजोबांच्या पिंडावर बसला.

त्या लोकांनी आनंदानं हात जोडले. जाताना त्यांच्यातला एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, गण्या कोण?"

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून आमचं उरकलं. येताना रिक्षात सुरेश माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "चार माणसांत बोललास, आता शिकव. पोरगा माझाच आहे." त्यानं गुटखा खरोखर सोडला. दोन दिवस.

* * *

मी बोललो तर खरं, पण शिकवायचं कसं? खोलीत आता एकेक आई पाळीनं सुट्टी घेऊन बसत होती. मी झोप सोडून खाली उतरलो. पाण्यात मीठ टाकलं. गण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळलं. कडुनिंबाचा पाला उकळून दिला. तोंड वाकडं केलं, पण गिळलं.

मग मला वाटलं, स्पर्धा लावू. सगळ्या पोरांना गॅलरीत उभं केलं. तोंडात साधं पाणी. जो सगळ्यात लांब थुंकेल त्याला पतंग. एक, दोन, तीन!

त्याच वेळी खालून सोसायटीचे सेक्रेटरी काका चालले होते. पांढरा शर्ट, नुकतीच इस्त्री. ते तीन उड्यांत वर आले. सगळ्या पोरांची तोंडं ओली, हनुवट्या ओल्या. फक्त गण्या कोरडा, नम्रपणे उभा.

सेक्रेटरी काका सगळ्यांना रागावले, मला तर नावानं. मग गण्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आ एकज छोकरामां संस्कार छे." ह्या एकाच पोरात संस्कार!

पतंग गण्याला द्यावा लागला.

* * *

त्या संध्याकाळी मी वैतागून गण्याला जिन्यात घेऊन बसलो. इतक्या दिवसांत त्याला कुणी साधी गोष्ट विचारली नव्हती. ताईनंही नाही.

"गण्या, तू गिळतोस का रे? थुंकता येत नाही?"

"येतं."

"मग?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच येडा. "मामा, पाणी कुणी टाकतं का?"

मग सगळं बाहेर आलं. गावाला टँकर यायचा. आजी आणि तो हंडे घेऊन पळायचे. भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं गुरांना. सकाळी चूळ भरायची तीसुद्धा गोठ्याच्या कडेच्या वेलावर जाऊन. इथं ताई सांगते, बेसिनमध्ये थुंक. बेसिनला भोक आहे. पाणी भोकात जातं. त्यानं खाली वाकून पाहिलं होतं, भोकाच्या पलीकडे काहीच नव्हतं.

मोठी माय खाली नळावर बादली भरत होती. तिनं ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, "बरोबर सांगस तो. तोंडमा लिधं ते पोटमा गयं पाह्यजे, नहीतं झाडले."

झाडले, म्हणजे झाडाला! मी उठून पळालो. दाराबाहेर ताईनं मशीनच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावला होता. ती गेल्यापासून कुणी पाणी घातलं नव्हतं. निम्मी पानं गळून गेली होती. मी डबा उचलून गण्यासमोर आदळला.

"हे बघ. ह्याला दे."

टोपणभर पाणी त्याच्या तोंडात. गाल डावीकडे, उजवीकडे. सगळी पोरं जिन्यात येऊन उभी. पिंकीनं हळूच मूठ वर केली आणि गोल फिरवली. मशीन चालू कर.

गण्यानं टोपण तोंडाजवळ धरलं आणि थुंकला. टोपण काठोकाठ. एक थेंब न सांडता, दोन्ही हातांनी धरून, दिवा न्यावा तसं त्यानं ते कढीपत्त्यापर्यंत नेलं आणि मुळाशी ओतलं.

मी काय ओरडलो मला आठवत नाही. सेक्रेटरी काका पुन्हा वर आले एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून गण्याला औषध सुरू झालं. ब्रश, थोडा वेळ थांबणं, मग गुलाबी टोपण. पहिल्याच दिवशी त्यानं डॉक्टरबेनना विचारलं, "हे झाडाला चालतं?" त्या म्हणाल्या, "झाडाला हिरड्या नसतात बेटा, त्याला साधं पाणी दे, हे बेसिनमध्ये टाक." गण्यानं मोठ्या मायकडे बघितलं. मोठी माय विचार करून म्हणाली, "टाक. ते पानी नही, औषध शे."

आता त्याची भाकरी पांढरी असते. कढीपत्त्याला पालवी आली आहे. गुळणी झाली की सगळी पोरं साध्या पाण्याची आणखी एक चूळ त्यालाच देतात. मला काळजी आहे की झाड कुजणार.

* * *

आणि हा शेवटचा. खरं तर हा आधीचा आहे, पण शेवटी सांगतो.

ताई दवाखान्यात होती. प्लेटलेट खाली गेलेल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, म्हणून ब्रश बंद. नर्सनं मोठ्यांचं गुळण्यांचं औषध दिलं, हिरव्या रंगाचं, आणि म्हणाली, "हळूहळू करायला लावा." ताईला उठून बसवत नव्हतं. मी पाठीमागं हात घालून तिला टेकवलं आणि टोपण तिच्या ओठांना लावलं. दुसऱ्या हातात स्टीलची वाटी धरली.

तिनं औषध तोंडात घेतलं. गाल डावीकडे, उजवीकडे, अगदी गण्यासारखे.

तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी विचारलं, "ताई, थुंकायचीच वस्तू आहे, तर कंपनीवाले गोड कशाला करतात गं?"

तोंड भरलेलं, ती काय बोलणार? तिनं डोळे मोठे केले. मग सुई टोचलेला हात हळूच उचलला आणि दोन बोटं खांद्यावर ठेवली.

शेठ आला! मी दचकून मागं बघितलं. डॉक्टर राउंडला आले होते, माझ्या मागेच उभे. मी इतका हसलो की वाटी हातातून निसटायला आली. ताईचे खांदे हलत होते. तोंड तिनं उघडलं नाही, एक थेंब सांडला नाही.

डॉक्टर पुढच्या खाटेवर गेले. ताई वाटीत थुंकली. मग टोपणाकडे बोट केलं आणि भुवया उडवल्या.

मी वाटीतलं टोपणात ओतलं. हिरवं गेलं होतं, लाल आलं होतं. टोपण काठोकाठ भरलं आणि वरून माझ्या मनगटावर ओघळलं.

"पास," मी म्हणालो. "पहिल्या नंबरानं."

ताई डोळे मिटून उशीवर टेकली. मी टोपण नळाखाली नीट धुतलं, शर्टाला पुसलं आणि बाटलीला घट्ट लावून ठेवलं.